नाकावरून

"आधी नाक बघ," थोरा म्हणाली
आणि दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली.
पट्टा अजून तिच्या मानेचा, कोमट.
नोव्हेंबर. ऑर्कनीच्या पार टोकाचं बेट,
दुपारी साडेतीनलाच इथे दिवस गुंडाळून ठेवतात.

नाक बघितलं.
कपाळावरून जे निघालं ते थेट खाली,
मध्ये कुठे टेकायला जागा नाही,
घोड्याचं असावं तसं.
नाकपुड्या दोन उभ्या रेघा,
भांडलेल्या जावांसारख्या, अंतर राखून.
"हा करडा सील."

पलीकडच्या खडकावर साधे.
वाटोळं डोकं, मांजराचा चेहरा,
नाकपुड्या खाली येऊन एकमेकींना टेकलेल्या.
डोकं वर, शेपूट वर,
जणू खडकच गार लागतोय.

"रंगावर जाऊ नकोस.
म्हणायला करडे, पण नर निम्मे काळे,
माद्यांवर शाई सांडलेली,
एक तर मी गंजलेला पाहिलाय, नांगरासारखा.
नाव ठेवणारा ढगाळ दिवशी आला असणार."

आणि सर्कशीत नाकावर चेंडू झेलतो, तो?
"तो यांच्यातला नव्हे. त्याला बाहेर कान आहेत,
तो चार पावलं चालतो तरी.
हे बघ कसे जातात."
बघितलं: धान्याचं पोतं
स्वतःच स्वतःला ओढत नेत होतं.

वाळक्या गवतात पिल्लं.
पांढरी, सैल,
थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी.
साध्यांची पिल्लं जूनमध्ये होतात,
पांढरा झगा आईच्या पोटातच उतरवून येतात,
पहिल्या भरतीला पाण्यात.
यांना पोहता येत नाही. थंडीच्या तोंडावर जन्मतात
आणि रडतात, अगदी माणसासारखी,
त्याची सवय होत नाही.

अठरा दिवस दूध. लोण्याच्या वळणाचं.
आई तोंडात काही घालत नाही,
पिल्लू फुगत जातं, ती आटत जाते,
मग एका सकाळी ती समुद्रात.
"वळून बघते का गं?"
"मी मोजत असते," थोरा म्हणाली.
"मोजताना दुसरं काही दिसत नाही."
तिचा मुलगा अकराव्या वर्षी कर्कवॉलच्या वसतिगृहात गेला.
त्या दिवशी बोट किती वाजता सुटली, एवढं ती सांगते.

एक्केचाळीस नंबरच्या पाठीवर
आम्ही निळा ठिपका दिला.
ते माझ्या बुटावर फुत्कारलं. दात होते.

परतताना धक्क्यावर टॅमस रेंडल, जाळं शिवत.
म्हणे, कातडं उतरवून माणूस होतात ते करडेच,
भरल्या चांदण्यात, वाळूवर.
साध्यांना नाही जमत.
का नाही?
त्याने सुतळी दातांनी तोडली.
"त्यांनी जन्माआधीच उतरवलंय.
आता उतरवायला उरलंय काय?"
थोरा हसली नाही. बोटीतलं पाणी उपसत राहिली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो.
एक्केचाळीस सापडलं नाही.
त्याच्या जागी दबलेलं गवत,
आणि गवतात अडकलेली पांढरी लव,
पुंजके पुंजके, खारट, ओले,
एकावर थोडा निळा.
समुद्रात दहा-बारा काळी डोकी.
सगळ्यांची नाकं लांब. त्यातलं कुठलं, कसं सांगू?

एक पुंजका मी खिशात टाकला.
"ठेव परत," थोरा म्हणाली,
पाठ माझ्याकडे, वहीत काही लिहीत.
"इथे असं कुणाचं उचलून नेलं
की ते मागे मागे येतं,
आणि मग आयुष्यभर तुझ्या चुलीपाशी बसून
खिडकीतून बाहेर बघत राहतं."

ठेवला.
वाऱ्याने लगेच नेला, समुद्राकडे नाही,
उलट, बेटाच्या आत, मेंढ्यांच्या दिशेने.