दोन बोटं जागा

शेपूच्या तुऱ्यावर काहीतरी बसलं होतं.
आधी वाटलं देठच, वाऱ्याने वाकलेला.
पण वारा नव्हता.
दौगावा नदीवरही त्या सकाळी एक सुरकुती नव्हती.

माझ्या हातात रॉकेलचा डबा,
डब्यात बटाट्यावरचे पट्टेरी भुंगेरे, चाळीसएक.
त्यांना मी चांगली ओळखते. पाठीवर दहा रेघा,
एकोणचाळीस वर्षांचं आमचं वैर.
चिमटीत धरायचे, टाकायचे, पुढच्या पानाकडे वळायचं;
त्यात राग असा आता उरलेला नाही.
कोबीवरच्या अळ्या ओळखते, गोगलगाई ओळखते,
गाजराची माशीसुद्धा, जी दिसत नाही पण असते.

हे मात्र त्यांच्यातलं कुणीच नव्हे.
हिरवं, माझ्या मधल्या बोटाएवढं लांब,
पुढचे पाय छातीशी दुमडलेले,
टपाल कचेरीत खिडकी उघडण्याआधी
मी हात धरून बसायची, तसे.
मी चिमूट पुढे नेली
आणि त्याने मान वळवली.

किडे मान वळवत नाहीत.
इतक्या वर्षांत एकाही किड्याने
माझ्याकडे असं वळून पाहिलेलं नाही:
ऊन अडवतेयस, जरा सरक.
आणि मी, वेडी, सरकले.

कुंपणापलीकडून इमांट्स म्हणाला, बाहेरचं असेल,
टोमॅटोच्या खोक्यातून आलं असेल, चिरडून टाक.
मग चष्मा लावून जवळ आला.
बराच वेळ काही बोलला नाही.
शेवटी म्हणाला, हिवाळे पूर्वीचे राहिले नाहीत,
आणि आपल्या काकड्यांकडे परत गेला.

संध्याकाळी आर्विड्सची वही काढली.
पहिलं दव गोठलं ती तारीख, कांदे लावले, कांदे काढले,
कीड, औषध, मात्रा,
सगळ्या पानांवर त्याच्या अक्षरांच्या मुंग्या.
शेवटच्या नोंदीखाली सहा वर्षं कोरी.
मी लिहिलं: एकवीस ऑगस्ट. शेपू.
पुढे नावापुरती जागा सोडली
आणि पेन तसंच धरून बसले.
नाव नसलेल्याला मारायचं कसं,
आणि ठेवून तरी कसं घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी शेपूवर नुसता शेपू होता.
खाली मातीत माशीचा एक पंख.

ऑक्टोबरात कुंपण रंगवायला घेतलं.
तिसऱ्या खांबावर, दक्षिणेच्या अंगाला
काहीतरी घट्ट चिकटलेलं. वाळलेला फेस जणू,
उतू गेलेलं दूध शेगडीवर करपावं, त्या रंगाचा.
नखाने टोकरलं. निघेना.
हेही मी ओळखत नव्हते.
ब्रश कडेकडेने फिरवला.

आता हिरव्या कुंपणात दोन बोटं जागा
लाकडाच्या रंगाची आहे.
इमांट्स विचारतो, रंग संपला होता का?
हो, म्हणते. संपला होता.