पालथी घागर

फोटो मीच काढला होता.
तांबट आळीत दुपारी दोनच्या सुमाराला
वरच्या झरोक्यातून जो काय उजेड उतरतो, त्यात.
घागर बुडावर डुगडुगायची,
म्हणून पालथी घातली, काढला,
आणि मोबाइलमध्ये चित्र फिरवून तोंड वर आणलं.
एवढंच.
खाली किंमत लिहिली, आणि
हातमठार, साडेतीन हजार ठोके.

(ठोके अण्णांनी मोजलेले नव्हते. मीच टाकले अंदाजे.)

आठ दिवसांनी सांगलीहून कुणी मृणालिनी रहाळकर :
फोटोत घागरीच्या अंगभर टपोरे उंचवटे होते,
मोगऱ्याच्या कळ्यांसारखे.
तुम्ही पाठवलीत ती खड्ड्याखड्ड्यांची.
ही आमची घागर नव्हे.

मी चिडले.
मग फोटो उघडला, आणि गप्पच बसले.
खरंच कळ्या.
पावट्याच्या शेंगेतून दाणा दिसावा
तसा एकेक ठोका आतून वर आलेला.
फोनबरोबर चित्र आपोआप वळतं, ते आधी बंद केलं.
फोन उलटा धरला : खड्डे.
सुलटा : कळ्या.
आडवा धरल्यावर मधे कुठेतरी
ती नुसतं तांबं होती,
खड्डा नाही, कळी नाही.
पण तेवढं तांबं डोळ्यांना धरवत नाही,
लगेच ते काहीतरी ठरवून टाकतात.

भद्रकालीतल्या जुन्या पेढीवर असायचा
तसला एक मुनीम बसलाय कवटीच्या आत,
कागद न वाचता सही ठोकणारा.
त्याला एकच पाठ : उजेड वरून येतो.
सावली खालच्या काठाला, तर उंचवटा.
वरच्या काठाला, तर खड्डा.
घागर पालथी होती, बाबा, असं मी त्याला
दहादा सांगितलं.
पालथ्या घड्यावर पाणी.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरला.
‘भट्टीपुढे रात्री बसलीस का कधी?
उजेड खालून.
चांगली मठारलेली घागर गळवं आल्यागत दिसायची.
मी डोळ्यांना विचारलंच नाही कधी.
याला विचारायचो.’
आणि अंगठा फिरवला काचेवर, सवयीनं,
कड चाचपावी तसा.
घागर सर्रकन वर निघून गेली,
खालून रहाळकरबाईंची तक्रार आली.

त्याच आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
सगळं गाव होळकर पुलावर,
दुतोंड्याच्या कुठवर आलं, कमरेला की छातीला,
यावर भांडत.
मी पाण्याकडे बघत राहिले, पापणी न हलवता,
गढूळ, एकाच दिशेनं पळणारं,
आणि मग घाटाकडे नजर टाकली तर
पायऱ्या त्र्यंबककडे निघालेल्या.
दगडी, शेवाळलेल्या, शिस्तीत,
पाण्याच्या उलट.
त्यांच्यामागून देऊळ, कपडे वाळत घातलेली दोरी,
एक कुत्रं.
मला माहीत होतं असं का होतं ते.
तरी कठडा धरला.
शेजारी बघते तर अण्णांनीही धरलेला.
‘पूल चालला,’ म्हणाले, हसले नाहीत.
पाण्यात तेवढा मारुती बरा,
एक तोंड इकडे, एक तिकडे,
त्याच्यात काय ठरतं कोण जाणे.

घागर परत आली पार्सलनं, पोचा न पडता.
पैसे पाठवते असं रहाळकरबाईंना लिहायला घेतलं
तर अण्णा म्हणाले, थांब.
कळ्या हव्यात ना त्यांना?
मग आतून ठोकाव्या लागतील.

आता ते नवी घागर मांडीत घेऊन बसलेत,
दांडा कोपरापर्यंत आत,
नजर समोरच्या भिंतीवर, कशावरच नाही,
आणि बाहेरच्या अंगावर डावा अंगठा
ठोका कुठे उठतोय त्याची वाट बघत.
एक कळी आली. दुसरी जरा वाकडी.
मी कॅमेरा उघडला.
‘ते ठेव,’ म्हणाले,
‘साडेतीन हजार लिहिलंयस ना?
बस आता मोजत.’