पाठीकडचं

म्हापशाच्या औषधाच्या दुकानात
मी दिवसभर सनस्क्रीन विकते.
तीस, पन्नास, पन्नास प्लस.
आकडा जितका मोठा, तितकी ट्यूब लहान.
दिल्लीहून आलेला एक नवरा विचारतो,
हे लावलं की किती वेळ पडून राहता येतं किनाऱ्यावर?
मी म्हणते, दोन तासांनी पुन्हा लावा,
पाण्यातून आलात की पुन्हा.
आणि कानांना. कान सगळेच विसरतात.

शिवोलीचा पूल ओलांडून बस आगरवाड्याला येते
तेव्हा बाबा मिठागरातून परतलेले असतात,
विहिरीच्या दगडावर बसून घोटे धुत.
गोडं पाणी, भरपूर.
मग फडक्याचं टोक बोटांच्या बेचक्यात घालून
एकेक फट कोरडी करायची, घाई नाही.
मग भिरंडेलाचा गोळा,
सुरीने खरवडून पळीत वितळवलेला,
सोसेल इतका कढत असतानाच
टाचेच्या भेगेत.
चाळीस वर्षांत खंड नाही. चवथीला नाही.
आई गेली त्या रात्रीही नाही.
चुलीपाशी पळी धरून बसलेले बाबा पाहून
मला राग आला होता.
आता येत नाही.
मिठाला कुणाचं सुतक नसतं.

शिमग्याच्या आदल्या रविवारी
त्यांनी माडाला पाणी घालताना बनियन काढलं
आणि मला दिसला
डाव्या खांद्याच्या पात्याखाली
एक गोल, कडेला लाल, मधे फिकट,
जुन्या रुपयापेक्षा मोठा.
हे कधीपासून?
काय?
खाजत नाही?
खाजतं गो. मिठातला माणूस, खाजणारच.

तेव्हा कळलं मला.
हात पोचेल तिथवर हा माणूस काटेकोर होता.
पाठ आईकडे होती.
शनिवारी दुपारी, वाळल्या घोसाळ्याच्या जाळीने,
"हालू नका" असं दर मिनिटाला म्हणत
ती मानेपासून कमरेपर्यंत जायची,
आणि मधेच थांबायची,
नखाने काहीतरी तपासायची,
"हा तीळ होताच ना पूर्वी?"
बाबा म्हणायचे, मला काय विचारतेस,
मी कुठे पाहिलाय तो!

दोन वर्षं झाली.
दोन वर्षं त्या पाठीवर ऊन पडलं, खारं वारं लागलं,
ओलं बनियन तिथेच सुकलं.
कुणी पाहिली नाही.
मीसुद्धा. मी, जी दिवसभर
लोकांना कानांची आठवण करून देते.

डॉक्टरीणबाईंनी खरवडून काचेवर घेतलं.
नायटाच, म्हणाल्या,
घाबरू नका, पण महिनाभर सोडू नका,
बरं दिसलं तरी सोडू नका.
बनियन रोज धुतलेलं, उन्हात कडक वाळलेलं.
आणि ती तीन औषधांची ट्यूब
कुणी दिली तरी लावू नका.
माझ्याकडे पाहून म्हणाल्या हे.
मी मान खाली घातली,
मालकांच्या कपाटात तिचे दोन खोके आहेत.

आता रोज रात्री, जेवणाआधी,
ओटीवरच्या दिव्याखाली बाबा पाठ करून बसतात.
मी मलम लावते, कडेपासून बोटभर बाहेरपर्यंत.
किती उरलं? ते विचारतात.
रुपया.
चार दिवसांनी, किती?
आठ आणे.
बरं. चार आणे झाले की सांग,
मग जत्रेला जाऊन येईन.
सकाळी टोपीच्या आधी मी कानांना क्रीम चोपडते
तेव्हा तोंड वाकडं करतात,
पण उभे राहतात.
काल म्हणाले,
तुझी आई साबण तरी कमी लावायची.

नंतर खोलीचं दार लावून
मी कुर्ता वर करते,
कपाटाच्या आरशाला पाठ दाखवते,
मान वळेल तितकी वळवते.
खांद्याचं टोक दिसतं, ब्राचा पट्टा,
त्याखाली थोडंसं.