निधान

यादीत माझं नाव शेवटी:
हलगेकर मलप्रभा, उड्या चारशे बारा.
सगळ्यात वर पोन्नप्पा, साडेतीन हजार.
त्यांची छत्री केवढीशी,
आमच्या वडगावच्या घरी मोरीचा पडदा मोठा असेल.
माझी थोरली, नवशिक्याची.
आई तिला मांडव म्हणते.

आईनं तीस वर्षं माग चालवला.
छत्री पहिल्यांदा अंगणात पसरली तेव्हा
तिनं काठ दोन बोटांत धरून चोळला,
पन्ना विचारला,
मग कापडाला ओठ लावून फुंकर घातली.
हवा जात नाही की गे ह्यातनं.
जाऊ नयेच, म्हटलं.
ती बघत राहिली कापडाकडं,
दुसऱ्यांनी पसंत केलेल्या सुनेकडं बघावं तशी.

कडोलीच्या पुढं, तळ्यावर, जानेवारीत स्पर्धा.
पाण्यात केशरी फुगीर खांबांचं दार.
त्यातनं कमरेच्या उंचीनं शिरायचं,
एक पाऊल पाण्याला लावायचं
आणि जाता येईल तेवढं लांब जायचं.
दारावरनं गेलात, शून्य.
पाऊल कोरडं, शून्य.

पहिल्या फेरीत मी इतक्या वरून गेले
की पंचांच्या पोरानं हात हलवला.
मीही हलवला.

दुसऱ्या फेरीत पाऊल लागलं.
पाणी एवढं घट्ट असतं हे कुणी बोललं नव्हतं.
अकरा मीटर, मग तोंडावर,
नाकात शेवाळ.
पोन्नप्पांनी हात धरून काढलं, एक बूट शोधून दिला.
फळ्यावर खडूनं अकरा लिहिलं तेव्हा
मी फोटो काढला, कुणी बघत नाही असं बघून.

मुन्नोळी सरांचा एकच शब्द. विमानाच्या दारात,
छत्रीची घडी घालताना, चहा ओतताना:
निधान, मलप्रभा, निधान.
कन्नडात म्हणजे सावकाश.
आमच्या शाळेत म्हणजे ठेवा, जमिनीत पुरलेला.
मला दोन्ही कळतात,
तरी कानात आधी घरचाच अर्थ शिरतो
आणि वाटतं, हा माणूस मला उगीच लाडानं हाक मारतोय.

तिसरी फेरी. पाच हजार फूट.
वरनं सीमा दिसते का, असं एक पत्रकार सकाळी विचारत होता.
मी बघितलंच नाही.
मी वाऱ्याची पिशवी शोधत होते.

सातशे फुटांवर पुढचे पट्टे ओढले.
छत्रीनं मान खाली घातली
आणि आख्खं वडगाव कानात खटखटायला लागलं.
खांब मोठे झाले, आणखी मोठे,
आणि कळलं, आपण वीस फूट खाली आहोत.
वीस फूट म्हणजे एक साडी,
ब्लाउजपीस धरून.
पोन्नप्पा तेवढ्यात भागवतात.
मी पट्टे सोडले, दोन्ही ब्रेक छातीशी,
दार डावीकडं राहिलं,
पाणी संपलं, बांध संपला,
आणि मी रताळ्याच्या वावरात उभी.
उभी, हे पुन्हा एकदा तपासलं.

कुदळ थांबवून एका बाईनं विचारलं,
कुठनं आलीस गे?
वरनं.
बूट काढ की मग, वेल तुडवायलीस.

सर धावत आले बांधापर्यंत.
तिथं थांबून त्यांनीही बूट काढले.
माझे गुडघे बघितले, मान बघितली,
आणि पहिल्यांदाच तो शब्द म्हणाले नाहीत.
परतताना बाईनं तीन रताळी दिली,
मातीसकट. ती छत्रीच्या पिशवीतच टाकली.

रात्री आईनं छत्री झटकली.
माती पण जात नाही की गे ह्यातनं.
मग चुलीजवळ बसून, रताळ्याची साल काढत,
किती झालं, विचारलं.
दोनदा शून्य. एकदा अकरा मीटर.
तिनं मनात मोजलं, ओठ हलले.
दोन साड्या, म्हणाली.
एका दिवसात चांगलं की.