कडता

नंदुरबारच्या पथारीवर जानेवारीत
जमीन दिसत नाही.
दिसते ती मिरची, पार रुळांपर्यंत,
आणि तिच्यात कमरेतून वाकलेल्या बाया.
मी तोलार. दुसऱ्याची लाल कमाई
सतरा वर्षं काट्यावर चढवतो, उतरवतो.
पोत्याचा एक किलो, ओलाव्याचे दोन,
धुळीचा, देठांचा, आणि काही नुसताच.
शेठ बोट उचलतो, मी कडता लिहितो.
संध्याकाळी शिंकत घरी येतो.

त्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना होती.
मंडळीनं आणलेलं सगळं वेदीपुढं:
नव्या भाताचं सूप, तुरीच्या शेंगा, भोपळा,
पाय बांधलेली एक कोंबडी,
जी पाळकसाहेबांच्या उपदेशात तीनदा बोलली.
मग लिलाव.
सुरतेहून आलेल्या नथानिएलनं
भोपळा एकवीसशेला घेतला.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
जरा उशिरा.

बाहेर गाडीला टेकून तो म्हणाला,
"सिलास, किती दिवस मिरची हुंगणार?
आमच्या गोदामात सुपरवायझर पाहिजे. तिप्पट पगार.
रविवारची सुट्टी नाही, पण देव काय
फक्त रविवारीच घरी असतो?"
अर्ज त्यानं माझ्या खिशात घातला
आणि भोपळा डिकीत.

घरी पोचेपर्यंत मी फ्रिज घेतला होता,
पत्रे काढून स्लॅब टाकला होता,
थोरलीला नर्सिंगला घातलं होतं,
आणि दारातल्या चपलांवरून
दोर्कसशी भांडलोही.

जेवायला बसलो. तिनं डोळे मिटले.
तिची प्रार्थना लांब; डाळ गार होते.
मी नेहमीसारखा एक डोळा किलकिला ठेवला.
तिनं माझा हात धरला, मिरचीनं पेटलेला,
जो मी धाकट्याच्या गालालाही लावत नाही.
"प्रभू, या पापडीच्या भाजीबद्दल तुझे उपकार.
सायकलला चेन बसली, त्याबद्दल.
थोरलीचा ताप उतरला.
मंगाबाईनं मागितल्याबरोबर मीठ दिलं,
तिचं घर भरलेलं ठेव.
यांच्या हातांबद्दल उपकार."
ती थांबली. मला वाटलं, आता आमेन.
"आणि यांच्या खिशात जे काय आहे,
तेही तुझ्याच हाती."

मी वाट पाहत राहिलो.
आता ही काहीतरी कापेल:
गळक्या पत्र्याचा एक किलो,
उसनवारीचे दोन,
आणि कबरस्तानात ठेवलेला तान्हा,
ज्याचं वजन मला, तोलार असून,
कधी सांगता आलं नाही.
तिनं काहीच कापलं नाही.
पोत्यासकट, ओलाव्यासकट,
होतं ते सगळं त्याच्यापुढं ठेवलं
आणि भाकरी मोडली.

रात्री तिचा तळहात झोंबत होता.
तेल चोळत म्हणाली,
"बरंच झालं. तुमची निम्मी आग
आज माझ्याकडं आली."

नथानिएलला नाही म्हणालो.
कारण नीट सांगता आलं नाही;
समाधान मला जमलंय असंही नाही,
त्याच्या गाडीचं दार लागतं तो मऊ आवाज
अजून कानात आहे.

सोमवारी काटा पुसला,
रिकामा शून्यावर येतो का ते पाहिलं.
पहिलं पोतं चढलं.
धडगावकडचा एक म्हातारा, टोपी हातात,
शेठच्या बोटाकडं बघत उभा.
बोट वर गेलं.
मी पेन कानामागं खोवलं.
म्हटलं, "शेठ, आधी पोतं उघडून तर बघू."