प्रदर्शनाची दुसरी रात्र

गंगापूर रोडच्या हॉलमध्ये
एकेचाळीस गोधड्या भिंतींवर टांगल्या,
प्रत्येकीखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी:
नाव, गाव, टाक्याचा प्रकार,
कृपया हात लावू नये.

ठकूबाई बोडके आपल्याच गोधडीपुढे
हात मागे बांधून उभ्या,
शाळेत उशिरा पोचलेल्या पोरीसारख्या.
सातपूरच्या कंपनीतले निळे गणवेश
खिशांसकट शिवलेले,
एका खिशावर अजून ग्रीसचा डाग.
कुणाचे, म्हणून कुणी विचारलं.
‘घरातलेच,’ म्हणाल्या,
आणि पदर उगाच सारखा केला.

रात्री निफाडकडून बोचरा वारा सुटला.
पेठची शेवटची एसटी केव्हाच गेलेली,
अकरा जणी हॉलमध्येच मुक्कामाला,
सतरंज्या मंडपवाल्याच्या, पापडासारख्या.
बाराच्या सुमारास मी चावी घेऊन आले
तर भिंती उघड्या.
नुसते खिळे,
आणि खिळ्यांखाली माझ्या सूचना.

खाली ओळीनं अकरा उंचवटे,
एकीचं घोरणं, एकीचा खोकला.
ठकूबाईंचा हात झोपेतच
निळ्या खिशात गेलेला, मनगटापर्यंत.
‘दार लाव गं,’ कुणीतरी पुटपुटलं,
‘आणि ये इकडं, जागा आहे.’

सकाळी एकच टांगाटांग.
पहिल्या पाहुण्या बाई चष्मा वर करून म्हणाल्या,
या सुरकुत्या मुद्दाम आणल्यात का?
शेवंता गांगुर्डे गंभीरपणे:
‘हो ना. अख्खी रात्र लागली.’

मी तिकडे चुकलेल्या चिठ्ठ्या बदलत होते.
निळी गोधडी
अजून कोमट होती.