पावणेअकरा, कुताइसी

नुत्सा झोपत नाही.
पाणी पिऊन झालं. ते निळ्या पेल्यात हवं होतं, म्हणून
निळ्या पेल्यात ओतून पुन्हा पिऊन झालं.
मग शू.
शू आलीच नव्हती,
हे तिथे जाऊन पाच मिनिटं बसल्यावर कळलं.

एक मोजा काढायचा, एक ठेवायचा.
दार उघडं, पण एवढंच.
दोन बोटांत ती मला फट दाखवते
आणि मी उठून, सुतारासारखा एक डोळा मिटून,
दार एवढंच ठेवतो.

सकाळी साडेपाचला माझी गाडी सुटते,
झेस्ताफोनीवरून खाशुरीला.
अठरा माणसं, कधी पिशवीतून मान काढलेली कोंबडी.
चाक फिरलं की सगळी माना टाकतात, कोंबडीसुद्धा.
त्यांतल्या एकालाही मी कधी थोपटलेलं नाही.
हिला तासभर थोपटतोय.
हात झोपला माझा.
हिचे डोळे टक्क.

खालच्या मजल्यावरची त्सियाला म्हणाली, उशीखाली अक्रोड ठेव,
माझी चारही पोरं त्यावर वाढली.
ठेवला.
नुत्साने तो हुडकून काढला
आणि आता तिला तो फोडून हवाय.

मग मी ओरडलो.
सांगायला नको, पण ओरडलो,
समोरून ट्रक अंगावर आल्यावर ओरडतो तसा.
ती गप्प झाली. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला,
आणि तिने रडायच्या आधी
माझ्या तोंडावर हात ठेवला. झाकण ठेवावं तसा.
अक्रोडाचा वास येत होता त्या हाताला.

तेवढ्यात माकाचा फोन.
बारीत तेव्हा पावणेनऊ.
दीड वर्ष झालं तिला जाऊन. नुत्साला तेव्हा
धड चालता येत नव्हतं, आता धावते
आणि ते धावणं माकाने फक्त तळहाताएवढं पाहिलंय.
ती कुजबुजत बोलते, कारण मागच्या पलंगावर
असुंता आहे, एकोणनव्वद वर्षांची,
जिला झोपवायचे माकाला पैसे मिळतात.
त्या पैशांतून हा पलंग आला, निळा पेलाही.

'झोपली?' माका विचारते.
'तुझी?' मी विचारतो.
दोघंही हसत नाही.
'आज तिसऱ्यांदा चप्पल घालून बसलीय,' माका म्हणते,
'घरी जायचंय म्हणते. घरातच आहे.'

आणि मागून, अंधारातून, वाळक्या पानासारखा आवाज:
मामा.
मामा.

आमच्याकडे बापाला मामा म्हणतात. आई म्हणजे देदा.
तिकडे मामा म्हणजे आई.
असुंता सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या आईला हाका मारत होती,
हे मला कळलं, माकाला तर रोजचंच.
नुत्साला कसं कळावं?
ती ताडकन उठून बसली.
फोन दोन्ही हातांनी धरला, नाक काचेला लावलं,
आणि पलीकडच्या त्या म्हातारीला खडसावलं:
'हा माझा मामा आहे!'

पलीकडे शांतता.
मग असुंता काहीतरी पुटपुटली.
माकाने ते मला सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

नुत्साने फोन माझ्या पोटावर टाकला.
माझा कान मुठीत धरला, घट्ट,
कुणी न्यायला आलंच तर
आधी हिच्याशी गाठ पडावी म्हणून.
आणि पहाऱ्यावर असतानाच झोपली.

दुसऱ्या मुठीत अजून अक्रोड.
मी हललो नाही. कान तापला, मग बधिर झाला.
पोटावर फोन, चार टक्के उरलेला,
त्यातून ऐकू येत होतं,
माका कुणाला तरी थोपटत होती.
लय माझ्यापेक्षा बरी आहे तिची. पूर्वीपासूनच.